दुसरं पिल्लू

पहाटे ३.४५

चहा काळाच. दूध काल फ्रिज बंद पडल्यामुळे नासलं. सोबत रस्क. आपल्या टोस्टपेक्षा दुप्पट जाड, आणि चहात बुडवल्याशिवाय दात लावायची सोय नाही. बाहेर अंधार आहे आणि डिसेंबर असूनही अंगावर जाकीट नको वाटतं. इथं डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा आणि पावसाळा एकत्र.

इथं म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम अंगाला. तिंबावाती, क्लासेरी, उंबाबात, बालुले अशी खासगी राखीव रानं एकाला एक लागून आहेत आणि त्यांच्या व क्रूगरच्या मधे आता कुंपण नाही. हत्तीला नकाशा ठाऊक नसतो, तसा माझ्या पक्ष्यालाही.

फाटकाशी जीप उभी आहे. "अवुशेनी," मी म्हणते. "आहे," उत्तर येतं. त्सोंगा भाषेतलं हे सकाळचं नमस्कार-चमत्कार. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, मी काहीतरी विचारते आणि हे गृहस्थ 'आहे' म्हणून मोकळे होतात. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना तातना म्हणते. त्याचा अर्थ वडीलच, पण माझ्या कानाला ते आपलं तात्या वाटतं. ते मला सेसी म्हणतात, ताई. रायफल त्यांच्याकडे, दुर्बीण माझ्याकडे. पायी चालताना पुढे ते, मागे मी, आणि बोलायचं नाही.

पहाटे ४.२०

जीप बंद. दिवे बंद. आता ऐकायचं.

ज्या पक्ष्यासाठी हा खटाटोप, त्याला मराठीत नाव नाही. धनेशांच्या कुळातला हा सगळ्यात मोठा, पण झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त. दिवसभर पायी फिरणारा. मी आपली त्याला भुईधनेश म्हणते. मोठ्या नराचं वजन सहा किलोपर्यंत जातं. सगळं अंग काळं. डोळ्यांभोवतीची आणि गळ्याची उघडी कातडी लालभडक, जणू कोणी टोमॅटो कुस्करून फासलाय. मादीच्या गळ्यावर त्या लालात एक जांभळट निळा ठिपका. आणि पापण्या! लांब, दाट, वर वळलेल्या. एवढ्या उग्र चेहऱ्यावर त्या कोणी बसवल्या, हा प्रश्न मला अजून पडतो.

झुंजूमुंजू होण्याच्या जरा आधी, झोपायच्या झाडावरूनच ते हाक देतात. खोल, छातीत घुमणारी. हू, हू, हुहू. नराचा सूर खर्जातला, मादीचा त्याच्या वर. एक संपायच्या आत दुसरी. शांत पहाटे ही हाक तीन किलोमीटरवर सहज पोचते. नव्या पाहुण्याला लांबचा सिंह वाटतो. त्सोंगा भाषेत या पक्ष्याला न्घुतुतू म्हणतात, आणि तिकडे बोट्सवानात कलाहारीच्या वाळवंटात लेहुतुतू नावाचं एक गावच आहे. नाव पक्ष्यानं स्वतःच सांगितलं, माणसांनी फक्त लिहून घेतलं.

४.३१ ला पहिली हाक. मी होकायंत्रावर दिशा घेते, वहीत मांडते. आम्ही आठशे मीटर पुढे जाऊन दुसरी दिशा घेतो. नकाशावर दोन रेघा जिथं कापतात, तिथं कुटुंब. काल संध्याकाळी आम्ही त्यांना जिथं सोडलं होतं, तिथून फार लांब नाही. हिशेब जुळला की मनाला जो बेताचा आनंद होतो, तो झाला.

पहाटे ५.१५

सूर्य वर आला आणि तेही उतरले. चार पक्षी. जोडप्यातला मोठा नर, दोन तरुण नर आणि एक वर्षाचं मळकट चेहऱ्याचं पोर, ज्याच्या गळ्यावर अजून लाल चढलेला नाही. पाचवी, म्हणजे मादी, ढोलीत. पहाटेच्या हाकेतला वरचा सूर तिचाच, ढोलीतून आलेला.

कुटुंबात अंडी घालणारी जोडी एकच. बाकीचे मदतनीस, बहुतेक आधीच्या वर्षांची पोरं. ढोलीतल्या मादीला भरवणं, हद्द राखणं, हाकेला हाक देणं ही त्यांची कामं. एका कुटुंबाची हद्द साधारण शंभर चौरस किलोमीटर. कागदावर हा आकडा छोटा दिसतो. पायी चालून बघा.

मोठ्या नराचं बघण्यासारखं आहे. तो हत्तीची लीद चोचीनं उलटी करतो, भुंगा उचलतो. चोचीच्या टोकात आधीच एक बेडूक आणि दोन नाकतोडे. पुढे गवतात काही हललं. तो थांबतो. चोचीतला सगळा माल हलकेच जमिनीवर ठेवतो, दोन पावलं टाकून सरडा पकडतो, आपटतो, परत येतो आणि एकेक वस्तू पुन्हा उचलून चोचीत रचायला लागतो. बेडूक निसटतो. पुन्हा सगळं खाली. मंडईतून निघालेला माणूस पिशवी विसरून आला की हातात कोथिंबीर, काखेत दुधी अशी जी कसरत करतो, अगदी तीच. तिसऱ्या प्रयत्नात सगळं बसतं, आणि मग तो ते न खाता ढोलीच्या दिशेनं चालायला लागतो.

मी पायातली कडी वाचते. लहानपणी पकडून प्रत्येकाच्या पायात रंगीत प्लास्टिकची कडी घातलेली असतात, म्हणजे लांबून ओळख पटते. लाल-पांढरा डावीकडे, निळा उजवीकडे. इथं एक कबुली द्यायला हवी. गेल्या हंगामात मी डावं-उजवं माझ्या बाजूनं लिहिलं, पक्ष्याच्या नाही. पक्षी समोरून येत असला की दोन्ही उलटतं. तीन महिने मी एका तरुण नराला त्याच्या भावाच्या नावावर चालवत होते. कोणालाच शंका आली नाही, कारण वही नीटनेटकी होती. शेवटी एका फोटोत कळलं. त्या तीन महिन्यांच्या नोंदी मी रात्री बसून एकेक करून तपासल्या आणि ज्यांच्याबद्दल खात्री देता येईना, त्या खोडल्या. खोडताना हात जड होतो.

सकाळी ७.४०

ढोली एका जुन्या जॅकलबेरीत आहे. हे झाड आपल्या टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं, चुलत भावंड. साल बघून मला उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं. ढोली मात्र नैसर्गिक नाही. मूळची ढोली वादळात फुटली, म्हणून तिच्या जागी लाकडी पेटी बसवलीय. एवढा मोठा पक्षी मावेल अशी पोकळी व्हायला झाड शतकभर जुनं हवं, आणि तसली झाडं हत्ती, वणवा आणि वादळ यांच्या तावडीतून थोडीच सुटतात. केप टाउन विद्यापीठाच्या फिट्झपॅट्रिक संस्थेनं या रानांत २००० साली अभ्यास सुरू केला, त्यात अशा पेट्या टांगून बघितल्या. पक्ष्यांनी त्या मनापासून स्वीकारल्या. घुबडं, इजिप्शियन हंस आणि मधमाश्याही स्वीकारतात, ती डोकेदुखी वेगळी.

आपल्याकडचा धनेश ज्यानं कोकणात पाहिलाय, त्याला मादीनं स्वतःला ढोलीत लिंपून घेणं आठवेल. फटीतून नर फळं भरवतो. भुईधनेशाची मादी दार लिंपत नाही. ढोलीत वाळल्या पानांची गादी असते, तीही नरानं आणून दिलेली. ती चाळीसेक दिवस अंडी उबवते, आणि मधेच पाय मोकळे करायला बाहेर पडते.

अंडी बहुधा दोन. आणि इथंच सगळी गोष्ट आहे.

दुसरं अंडं पहिल्यानंतर तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा घातलं जातं. पहिलं पिल्लू चार दिवस खाऊन टुणटुणीत झालेलं असतं, तेव्हा दुसरं अंड्यातून बाहेर येतं. घास येतो तो मोठ्याच्या चोचीत जातो. कोणी दुसऱ्याला मारत नाही, ढकलत नाही. त्याच्यापर्यंत घास पोचत नाही, एवढंच. थोड्या दिवसांत ते मरतं. हे अपवादानं होत नाही, जवळजवळ प्रत्येक ढोलीत होतं. दुसरं अंडं हा विमा. पहिलं उबलं नाही तर उपयोगी, उबलं तर फुकट.

अॅलन केम्प आणि मेग केम्प यांनी क्रूगरमध्ये वर्षानुवर्षं या पक्ष्याच्या मागे फिरून जे लिहिलं, त्यावर आजचं सगळं काम उभं आहे. हिशेब असा: एका कुटुंबाचं एक पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत जगतं, ते सरासरी नऊ वर्षांतून एकदा. पिल्लाला स्वतः अंडी घालायच्या लायक व्हायला आणखी नऊ-दहा वर्षं. पक्षी तीस वर्षांहून जास्त जगतो, त्यामुळे हे गणित कसंबसं जमत आलं. पण एक मोठी मादी विषानं गेली की तिची जागा भरायला दशक लागतं. सगळ्या दक्षिण आफ्रिकेत आज दीडेक हजार पक्षी उरलेत असा अंदाज आहे, त्यातले निम्मे क्रूगर आणि आसपासच्या राखीव रानांत. त्या देशाच्या यादीत तो संकटग्रस्त आहे.

म्हणून ते दुसरं पिल्लू, जे मरणारच आहे, ते काढून न्यायचं आणि हातावर वाढवायचं. माबुला राखीव रानात १९९९ साली सुरू झालेल्या भुईधनेश प्रकल्पाची ही कल्पना. त्यासाठी परवाने लागतात, तारखांचा काटेकोर हिशेब लागतो, आणि शिडी लागते.

सकाळी ८.०५

मादी बाहेर पडून समोरच्या वठलेल्या झाडावर बसली. तातना रायफल घेऊन बुंध्याशी, पाठ माझ्याकडे, तोंड रानाकडे. मी शिडीवर. पट्ट्यानं शिडी खोडाला बांधली. आमचा नियम असा की वर दहा मिनिटांहून जास्त नाही.

वास आधी येतो. धनेशांच्या बाकी जाती ढोलीबाहेर शिटतात, इथं सगळा कारभार आत. शिवाय अर्धवट खाल्लेल्या बेडकाचा तंगडा.

वाळल्या पानांत दोघं. मोठं काळपट जांभळं पडलंय, पोट टम्म, डोळे अजून बंद. धाकटं गुलाबी. अगदी गुलाबी, कारण त्याच्या कातडीला काळं पडायला दोन-तीन दिवस लागतात आणि ते कालच बाहेर आलंय. अंगावर पीस म्हणून नाही. मोठ्याच्या बगलेखाली मान घालून पडलंय, आणि मी हात घातला तशी मान वर करून चोच उघडली. मी आईच वाटले असेन, किंवा आई-बीई काही नाही, नुसती हालचाल.

मोठ्याला आधी बघायचं, हा नियम. ते धडधाकट असेल तरच धाकट्याला हात लावायचा. ते धडधाकट आहे. वजन, तापमान, नोंद. मग धाकटं कापडात, कापड गरम पेटीत, पेटी दोरीनं खाली.

लोक विचारतात, चोरी नाही का ही? आधी मी लांबलचक उत्तर द्यायचे. आता म्हणते, वाटतं तसं. वठलेल्या झाडावरून ती माझ्याकडेच बघत होती. तिला दोन मोजता येतात की नाही, मला माहीत नाही. ८.१४ ला मी खाली उतरले. ८.३० ला ती आत गेली, आणि तिच्या मागोमाग मोठा नर आला, चोचीत सगळी मंडई घेऊन. आम्ही झुडपामागून बघत होतो. तो आत वाकला आणि रिकाम्या चोचीनं बाहेर आला. तेवढं बघूनच निघायचं असतं.

सकाळी १०.३०

डांबरी रस्त्याच्या फाटकावर दुसरी गाडी थांबलेली. पेटी तिकडे. पिल्लू आता वाढवण्याच्या जागी जाईल. तिथं माणसाचीच सवय लागू नये म्हणून बोलणं-कुरवाळणं बंद, आणि मोठ्या भुईधनेशांच्या सहवासात वाढवणं. सोपं नाही ते. भुईधनेशाला रान शिकवावं लागतं. कोणता साप कसा धरायचा, कासवाचं काय करायचं, कुठल्या झाडावर झोपायचं, हे तो घरच्या मोठ्यांकडून वर्षानुवर्षं शिकतो. शिकवणारं कुटुंब नसेल तर नुसतं सोडून देण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या प्रयत्नांत लोक हे किंमत मोजून शिकले.

सकाळी ११.१५

फोन आला होता म्हणून एका लॉजवर. व्यवस्थापक संतापलेले. स्वागतकक्षाची मोठी काच फुटलीय. आमच्या दुसऱ्या एका कुटुंबाचा पराक्रम. नराला काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, तो समजतो हद्दीत परका घुसला, आणि कुदळीसारखी चोच चालवतो. एक नाही, तीन काचा. "तुमचे पक्षी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणतात. मी माफी मागते. पक्षी माझे नाहीत हे सांगायची वेळ ही नव्हे.

गंमत वाटते, पण काच फोडली म्हणून गावांत आणि शेतांवर या पक्ष्यांना गोळ्या घातल्या गेल्यात. उपाय साधा: बाहेरून काचेवर जाळी किंवा साबणाचा पातळ लेप, म्हणजे प्रतिबिंब दिसत नाही. पहिल्या काचेवर साबण मी स्वतः फासते. व्यवस्थापकांनी मग थंड सरबत दिलं. माझ्या मते संवर्धनाचं निम्मं काम हेच आहे, फक्त ते अहवालात लिहायला कोणाला आवडत नाही.

दुपारी १ ते ३.३०

एकोणचाळीस अंश. पक्षी सावलीत चोच उघडी ठेवून धापा टाकतात, आम्ही पंख्याखाली. नोंदी संगणकावर चढवायच्या. पाठीवर सौर उपकरण बसवलेल्या एका मादीचे दोन दिवसांचे ठिपके एकाच जागी आलेत. उपकरण बंद पडलं, पडून गेलं, की मादीच पडली? उद्या तिकडे जायला हवं. शेतांवर कोल्हे-तरसांसाठी पेरलेलं विष, शिकारीच्या मांसातलं शिसं, विजेच्या रोहित्रावर बसून लागलेला झटका, यातलं काहीही असू शकतं. ठिपका तेवढा सांगत नाही.

जेवायला पाप. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वर टोमॅटोची भाजी. शब्द ऐकून दचकू नका, आपल्या उकडीच्या जवळचा पदार्थ आहे. मी लसणाची चटणी काढते. तातनांना ती आवडते, कबूल करत नाहीत.

दुपारी ४.२०

पश्चिमेला ढग चढलेत. तातना सांगतात, लहानपणी न्घुतुतू ओरडले की आजी म्हणायची, पाऊस येणार, पेरा. मी त्यांना आमच्या पावशाबद्दल सांगते, जो 'पेरते व्हा' म्हणतो. त्यांनी मला तो आवाज काढून दाखवायला लावला. नंतर बराच वेळ हसत होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच समाजांत हा पावसाचा पक्षी. खोसा लोकांत दुष्काळ पडला की तो मारून नदीत टाकायची प्रथा होती, म्हणजे त्याचा वास जावा म्हणून आभाळ फुटेल. एरवी मात्र त्याला मारणं निषिद्ध. एकाच श्रद्धेनं राखलं आणि मारलंही. तसं बघितलं तर पावसाशी नातं खोटं नाही. चांगला पाऊस झाला की बेडूक, किडे, सरपटणारे प्राणी वाढतात, आणि तेव्हाच हे अंडी घालतात. आजीनं उलट्या टोकानं का होईना, बरोबर वाचलं होतं.

संध्याकाळी ६.१०

पुन्हा सकाळचंच कुटुंब. ते झोपायला कुठं बसतात हे बघितलं की उद्याची पहाट सोपी होते. नदीपात्राच्या कडेला एकामागून एक उडाले. चालताना काळाकुट्ट दिसणारा हा पक्षी पंख उघडतो तेव्हा टोकांची पिसं पांढरीशुभ्र निघतात. दिवसभर मागे फिरून हा पांढरा रंग दोन-चारदाच दिसतो. एक, दोन, तीन. वर्षाचं पोर चौथं, चुकीच्या फांदीवर बसलं, सरकलं, पुन्हा बसलं.

टेकाडावर फोनला एक रेघ मिळते. तिथं जीप थांबवली. निरोप होता: तीनदा खाल्लं, ओरडतंय. मी तातनांना सांगितलं. ते म्हणाले, मोठं काय करतंय ते उद्या बघू.

रात्री ८.१५

वहीत ढोलीच्या पानावर एक रकाना आहे, 'दुसरं पिल्लू'. त्यात वरपासून खाली बहुतेक 'मृत' आणि तारीख. आज लिहिलं: काढून नेलं, ८.१४. मग कड्यांची नोंद. डावा, आणि कंसात 'पक्ष्याचा'.

पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले तेव्हा आठवलं, शिडी आणली, पट्टा जॅकलबेरीलाच राहिला. हत्तींना पट्टे फार आवडतात. गजर पंधरा मिनिटं अलीकडे घेतला.